अवे गोल ठेवायचा की काढायचा? दोन सामन्यांच्या लढतीसाठी चार पर्यायांची तुलना

फुटबॉलच्या अनेक स्पर्धांत दोन संघ एकमेकांशी दोनदा खेळतात, एकदा याच्या मैदानावर आणि एकदा त्याच्या. दोन्ही सामने मिळून गोल सारखेच झाले तर पुढच्या फेरीत कोणाला पाठवायचं? युरोपात २०२१ पर्यंत याचं ठरलेलं उत्तर होतं. ज्यानं प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर जास्त गोल केले, तो पुढे. २४ जून २०२१ रोजी यूएफानं, म्हणजे युरोपातल्या फुटबॉल संघटनेनं, हा अवे गोलचा नियम आपल्या सगळ्या क्लब स्पर्धांमधून काढत असल्याचं जाहीर केलं आणि २०२१-२२ च्या हंगामापासून तो गेला. जगात सगळीकडून मात्र तो गेलेला नाही.

स्पर्धेची नियमावली लिहायला बसणाऱ्यासमोर आज चार वाटा आहेत. अवे गोल जादा वेळेतही मोजायचा, जसा युरोपात मोजत. किंवा तो फक्त नव्वद मिनिटांपुरता मोजायचा. किंवा नियमच काढायचा, बरोबरी झाली की तीस मिनिटं जादा आणि तरीही निकाल नाही लागला तर पेनल्टी शूटआऊट, म्हणजे दोन्ही संघांना आळीपाळीनं पाच-पाच पेनल्टी किक. किंवा नियमही नाही, जादा वेळही नाही, थेट शूटआऊट. माझा कौल चौथ्या वाटेला आहे, आणि प्रवास खरोखरच खडतर असेल तिथे दुसरीला. पहिली वाट आता कोणी धरू नये असं मला ठामपणे वाटतं. तिसरी वाट, जी सध्या युरोपात चालते, ती दिसते तेवढी निर्दोष नाही.

आधी एक गैरसमज

'अवे गोल दुप्पट धरतात' हे वाक्य समालोचनात सर्रास कानावर पडतं. ते चुकीचं आहे. समजा तुमचा संघ घरी १-० जिंकला आणि परतीचा सामना १-३ हरला. एकूण २-३, म्हणजे तुम्ही बाहेर. अवे गोलचा इथे प्रश्नच येत नाही. दुप्पट धरला असता तर तुमचे तीन आणि त्यांचेही तीन होऊन बरोबरी झाली असती. अवे गोल कामाला येतो तो एकूण गोल सारखे झाल्यावरच, त्याआधी त्याचं वजन इतर कोणत्याही गोलइतकंच असतं. हे लक्षात ठेवलं नाही तर नियमावर होणारी निम्मी टीका भलत्याच गोष्टीवर होत राहते.

बरोबरी झाल्यावर हा नियम नक्की काय मोजतो?

माझ्या मते सगळ्या वादाचं मूळ इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू.

एकूण गोल सारखे असतात तेव्हा दोन्ही सामन्यांतला फरकही सारखाच असतो. तुम्ही घरी एका गोलनं जिंकलात तर तिकडे एका गोलनंच हरलेले असता. घरी दोननं हरलात तर तिकडे दोननंच जिंकलेले असता. म्हणजे कोण सरस हे सांगणारं सगळ्यात सरळ माप, गोलफरक, तिथे संपलेलं असतं. दोन्ही सामन्यांत यजमानाचा फरक एकच असल्यामुळे तो बाजूला काढला तर उरलेले गोल दोन्ही संघांत समसमान वाटलेले असतात. मग ज्या सामन्यात एकूण गोल जास्त, त्याच सामन्यातल्या पाहुण्याचे गोल जास्त असणार. अपवाद नाही. अवे गोलचा नियम दुसऱ्या शब्दांत असा मांडता येतो: दोन सामन्यांपैकी ज्यात जास्त गोल झाले, त्या सामन्यातला पाहुणा पुढे जातो.

कोणतीही गाजलेली लढत घेऊन ताडून पाहा. २००९ च्या चॅम्पियन्स लीगच्या (युरोपातली सगळ्यात मोठी क्लब स्पर्धा) उपांत्य फेरीत बार्सिलोना आणि चेल्सी यांचा पहिला सामना ०-० सुटला, दुसरा लंडनमध्ये १-१. दुसऱ्यात गोल जास्त, तिथला पाहुणा बार्सिलोना, इनिएस्टाच्या भरपाई वेळेतल्या गोलवर बार्सिलोना अंतिम फेरीत. २०१९ च्या उपांत्यपूर्व फेरीत टॉटनहॅमनं मँचेस्टर सिटीला घरी १-० हरवलं आणि सिटीच्या मैदानावर ३-४ असा पराभव पत्करला. सात गोलांच्या सामन्यातला पाहुणा टॉटनहॅम, म्हणून टॉटनहॅम पुढे.

आणि मग त्याच वर्षीची उपांत्य फेरी. आयाक्सनं लंडनमध्ये जाऊन टॉटनहॅमला १-० हरवलं. परतीच्या सामन्यात ॲमस्टरडॅमला मध्यंतरापर्यंत आयाक्स २-० पुढे होता, एकूण ३-०. उत्तरार्धात टॉटनहॅमच्या लुकास मौरानं चार-पाच मिनिटांच्या अंतरानं दोन गोल मारले आणि भरपाई वेळेच्या सहाव्या मिनिटाला तिसरा. ३-२. एकूण ३-३, अवे गोलवर टॉटनहॅम पुढे. आयाक्सचे खेळाडू जागच्या जागी मैदानावर कोसळले. ज्यानं तो सामना पाहिला तो विसरणार नाही, आणि त्या क्षणाचा थरार या नियमानंच दिला हेही खरं.

पण निकालाकडे शांतपणे पाहा. आयाक्स लंडनमध्ये एका गोलनं जिंकला. टॉटनहॅम ॲमस्टरडॅममध्ये एका गोलनं जिंकला. दोघांनीही दुसऱ्याच्या घरी जाऊन विजय मिळवला, फरकही तेवढाच. नियमानं निवड केली ती १-० आणि ३-२ या दोन विजयांमधली, आणि दोन गोल खाऊन मिळवलेला विजय एकही गोल न खाता मिळवलेल्या विजयापेक्षा वरचा ठरवला. यामागे काही तत्त्व आहे का? 'आक्रमणाला बक्षीस' असं म्हणतात. परक्या मैदानावर तीन गोल मारण्याची हिंमत आणि कसब मी नाकारत नाही. पण परक्या मैदानावर गोलपोस्ट अभेद्य ठेवणं हेही तितकंच अवघड कसब आहे, आणि बरोबरीच्या लढतीत हा नियम नेमका त्याच कसबाला दुय्यम ठरवतो.

याचा अर्थ नव्वद मिनिटांतला अवे गोल अन्यायकारक असतो असा मी काढत नाही. दोन्ही संघांना एकेक सामना बाहेर खेळायला मिळतो, दोघांना नियम आधीपासून माहीत असतो, दोघांना सारखीच नव्वद मिनिटं मिळतात. त्याला फसवणूक म्हणता येणार नाही. एवढंच म्हणता येईल की तो गुणवत्तेचं माप म्हणून कच्चा आहे. कोणता सामना जास्त मोकळा झाला हे तो सांगतो. कोणता संघ चांगला हे नाही.

हा नियम आला तेव्हा त्याच्यासमोर काय होतं

नियमाची योग्यता त्याच्या पर्यायाशी ताडूनच ठरते. १९६५ मध्ये युरोपियन कपच्या (आजच्या चॅम्पियन्स लीगचं जुनं रूप) उपांत्यपूर्व फेरीत लिव्हरपूल आणि कोलोन यांचे दोन्ही सामने ०-० सुटले. मग रॉटरडॅमला त्रयस्थ मैदानावर तिसरा सामना झाला, तो जादा वेळेनंतरही २-२. शेवटी पंचांनी चकती उडवली. पहिल्यांदा ती चिखलात उभीच रुतली. पुन्हा उडवली, कौल लिव्हरपूलच्या बाजूनं पडला आणि कोलोन बाहेर गेला, तीन सामन्यांत एकदाही न हरता.

त्याच वर्षी सुरू झालेल्या १९६५-६६ च्या कप विनर्स कप स्पर्धेत यूएफानं अवे गोल आणला. बुडापेस्टचा होनवेद प्रागला ड्युक्लाविरुद्ध ३-२ जिंकला, घरी १-२ हरला आणि एकूण ४-४ असताना प्रागमधल्या तीन गोलांवर पुढे गेला. पेनल्टी शूटआऊट फुटबॉलच्या नियमांत आला तो १९७० मध्ये. म्हणजे अवे गोल जन्मला तेव्हा त्याची स्पर्धा नाणेफेकीशी आणि प्रवासाचा खर्च वाढवणाऱ्या तिसऱ्या सामन्याशी होती. त्या दोघांपेक्षा तो शंभर पटींनी बरा होता. शूटआऊट आल्यावर मात्र त्याचं मूळ कारण उरलं नव्हतं, तरी तो आणखी पन्नास वर्षं टिकला.

टिकला तो दुसऱ्या समर्थनावर. परक्या मैदानावर गोल करणं फार अवघड असतं, म्हणून त्याची किंमत जास्त, असं ते समर्थन. हे किती खरं राहिलं आहे? नियम काढताना यूएफानं पुरुषांच्या स्पर्धांचे जे आकडे दिले ते बोलके आहेत. सत्तरच्या दशकाच्या मध्यात यजमान ६१ टक्के सामने जिंकत आणि पाहुणे १९ टक्के. आता ते प्रमाण ४७ आणि ३० वर आलं आहे. दर सामन्यामागे यजमानाचे सरासरी गोल २.०२ वरून १.५८ वर उतरले, पाहुण्यांचे ०.९५ वरून १.१५ वर चढले. कारणंही सगळ्यांना दिसणारी आहेत. मैदानांचा दर्जा आणि मोजमापं सारखी झाली, प्रवास आरामाचा झाला, सुरक्षा वाढली, प्रत्येक सामना टीव्हीवर दिसू लागला आणि पंचांच्या मदतीला व्हिडिओ आला. घरच्या मैदानाचा फायदा अजून आहे, पण जुन्या काळाएवढा राहिलेला नाही. त्यावर बेतलेलं बक्षीस मात्र तेवढंच राहिलं होतं.

दुसरा आक्षेप खेळण्याच्या पद्धतीवरचा होता आणि तो प्रशिक्षकांकडून आला. २०१८ मध्ये युरोपातल्या बड्या क्लबांच्या प्रशिक्षकांनी यूएफाच्या बैठकीत या नियमाचा फेरविचार करा असं सांगितलं होतं. पाहुण्यानं धाडस करावं म्हणून आणलेल्या नियमामुळे पहिल्या सामन्यात यजमानच दबून खेळू लागला, कारण घरी खाल्लेला एक गोल पुढे नडतो. यूएफाचे अध्यक्ष चेफेरिन यांनी नियम काढताना हेच कारण पुढे केलं. घरी ०-० हा निकाल चांगला वाटायला लागणं आणि ३-२ च्या विजयापेक्षा १-० चा विजय सुरक्षित वाटणं, हे नियमाच्या हेतूच्या बरोबर उलट आहे. मला हा मुद्दा पटतो, पण तो न्यायाचा नाही, खेळाच्या रंगतीचा आहे. निर्णय घेताना या दोन गोष्टी वेगळ्या ठेवलेल्या बऱ्या.

जादा वेळेतला अवे गोल

पहिल्या वाटेला माझा विरोध इथून येतो. ९ मार्च २०२१ ची ट्युरिनमधली रात्र घ्या. पोर्टोनं पहिला सामना घरी २-१ जिंकला होता. ट्युरिनमध्ये नव्वद मिनिटांनंतर युव्हेंटस २-१ पुढे होता, एकूण ३-३, दोघांचा एकेक अवे गोल. इथपर्यंत सगळं तंतोतंत समान. ५४व्या मिनिटापासून पोर्टोचा संघ दहा जणांवर आलेला. मग जादा वेळ सुरू झाली. ११५व्या मिनिटाला पोर्टोच्या सर्जिओ ऑलिव्हेराची फ्री किक बचावाच्या भिंतीखालून थेट जाळ्यात गेली. दोनच मिनिटांनी रॅबियोनं युव्हेंटससाठी गोल केला. सामना ३-२, एकूण ४-४. तरीही युव्हेंटस बाहेर, कारण पोर्टोचे अवे गोल दोन आणि युव्हेंटसचा एक.

दहा जणांनिशी पोर्टो ज्या जिद्दीनं उभा राहिला ती दाद द्यायला लावणारी होती, आणि त्या रात्री ते पुढे गेले याचं कोणाला वाईट वाटलं नसेल. पण हिशेब पाहा. परक्या मैदानावर गोल करायला पोर्टोला १२० मिनिटं मिळाली, युव्हेंटसला ९०. ज्या मापानं निकाल लावायचा ते माप दोघांना वेगवेगळ्या लांबीचं दिलं गेलं. जादा वेळेत दोघांनी एकेक गोल केला. एकाचा निर्णायक ठरला, दुसऱ्याचा वाया गेला. नव्वद मिनिटांत नियमाला जो समतोल होता तो ९१व्या मिनिटाला संपतो.

२०२० मध्ये लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावर असंच झालं. जादा वेळेत फिरमिनोनं लिव्हरपूलला ॲटलेटिको माद्रिदविरुद्ध एकूण २-१ पुढे नेलं आणि तीन मिनिटांत लॉरेंतेच्या गोलनं बरोबरी झाली. बरोबरी म्हणायची, पण प्रत्यक्षात लिव्हरपूल मागे पडला होता. एका गोलनं दोन गोलांचं काम केलं.

पहिल्या वाटेच्या बाजूनं एक युक्तिवाद होतो आणि तो हलका नाही. जादा वेळ ज्याच्या घरी खेळली जाते त्याला तीस मिनिटं जास्त घरचं मैदान, घरचे प्रेक्षक मिळतात. अवे गोल त्याची भरपाई करतो. तत्त्वतः बरोबर. पण ही भरपाई किती मोठी आणि तो फायदा किती मोठा, हे कोणी जुळवून पाहिलेलं नाही. एक अन्याय दुसऱ्या अन्यायानं नेमका तेवढाच पुसला जाईल अशी आशा ठेवून नियम लिहू नये. त्यापेक्षा दोन्ही काढून टाकता येतात.

नियम काढला, जादा वेळ ठेवली

२०२१ नंतर युरोपात काय घडलं? निकाल किती पालटले असते ते पाहण्यासारखं आहे, कारण पालटलेल्या लढती किरकोळ नाहीत.

२०२४ च्या मार्चमध्ये इंटरनं ॲटलेटिको माद्रिदला घरी १-० हरवलं आणि तिकडे १-२ हरले. जुन्या नियमानं इंटर पुढे गेला असता. शूटआऊट जिंकून ॲटलेटिको पुढे गेला. एप्रिलमध्ये रेयाल माद्रिद आणि मँचेस्टर सिटी माद्रिदमध्ये ३-३ आणि मँचेस्टरमध्ये १-१ राहिले. जुन्या नियमानं सिटी सहज पुढे होता. शूटआऊट रेयालनं जिंकला आणि पुढे जाऊन त्या हंगामाचं विजेतेपदही. २०२५ च्या मार्चमध्ये ॲटलेटिको माद्रिद रेयालकडे १-२ हरला आणि घरी १-० जिंकला, तो गोल सामन्याच्या पहिल्या अर्ध्या मिनिटातला. जुना नियम असता तर ॲटलेटिको. शूटआऊट पुन्हा रेयालचा.

यावरून 'नियम असता तर विजेता वेगळा असता' असं म्हणायचा मोह होतो. तो आवरायला हवा. नियम असता तर सिटीविरुद्ध १-१ वर असताना रेयाल बचावात चिकटून बसलाच नसता, त्यांना गोल हवाच असता. संघ नियम पाहून खेळतात. तरी एवढं दिसतं की हा नियम कागदावरचा तपशील नव्हता. युरोपातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत दोन वर्षांत अशा तीन लढती त्याच्यावर फिरू शकल्या असत्या.

आता या वाटेचा दोष. परतीचा सामना घरी असणाऱ्याला बरोबरी झाली की तीस मिनिटं घरच्या मैदानाची जास्तीची मिळतात आणि त्याच्या बदल्यात पाहुण्याला आता काहीच मिळत नाही. चॅम्पियन्स लीगमध्ये जादा वेळेत निकाल लागलेल्या चार लढती पाहा: २०२२ मध्ये रेयालनं घरी चेल्सीला आणि मग सिटीला बाहेर काढलं, २०२५ मध्ये पीएसव्हीनं युव्हेंटसला आणि इंटरनं बार्सिलोनाला. चारही वेळा परतीचा सामना घरी खेळणारा पुढे गेला. याउलट २०२४ आणि २०२५ मध्ये याच स्पर्धेच्या बाद फेरीच्या पाच लढती शूटआऊटपर्यंत गेल्या, त्यातल्या दोनच यजमानांनी जिंकल्या, आर्सेनल आणि ॲटलेटिको. सिटी आणि पुढच्या वर्षी लिव्हरपूल व ॲटलेटिको घरी हरले. नऊ लढतींवरून सिद्धांत मांडता येत नाही. पण घरच्या प्रेक्षकांसमोर अर्धा तास जास्त खेळणं फायद्याचं असावं हे कोणाही खेळाडूला विचारा, आणि हे आकडे निदान त्याच्या विरोधात जात नाहीत.

इथे भर पडते ती दुसऱ्या एका पद्धतीची. अनेक वर्षं चॅम्पियन्स लीगमध्ये गटात पहिला आलेल्या संघाला पुढच्या फेरीत परतीचा सामना घरी मिळायचा. गटातल्या कामगिरीचं बक्षीस म्हणून ते रास्तच. पण जिथे घर आणि क्रम निव्वळ सोडतीतून ठरतो तिथे सोडतीच्या चिठ्ठीतून एका संघाला संभाव्य अर्धा तास बहाल होतो. हे तिसऱ्या वाटेचं खरं दुबळेपण आहे आणि अवे गोल काढल्याच्या आनंदात त्याकडे फारसं कोणी पाहिलं नाही.

थेट शूटआऊट

दक्षिण अमेरिकेनं हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं सोडवला आहे. तिथल्या सगळ्यात मोठ्या क्लब स्पर्धेत, कोपा लिबर्तादोरेसमध्ये, अवे गोल २००५ पासून होता. २०२२ पासून कॉन्मेबॉल या तिथल्या फुटबॉल संघटनेनं तो काढला. बाद फेरीत दोन सामन्यांनंतर बरोबरी झाली तर तिथे जादा वेळ खेळवत नाहीत, सरळ पेनल्टी घेतात. जादा वेळ फक्त अंतिम सामन्यासाठी, जो एकच असतो आणि आधीच ठरलेल्या मैदानावर होतो.

मला हीच मांडणी सगळ्यात स्वच्छ वाटते. दोघांना घरी नव्वद मिनिटं, दोघांना बाहेर नव्वद मिनिटं, प्रत्येक गोलाचं मोल सारखं. त्यानंतर पाच-पाच किक. शूटआऊटला लॉटरी म्हणण्याची पद्धत आहे आणि मला ते पटत नाही. बारा यार्डांवरून दडपणाखाली चेंडू मारणं आणि तो अडवणं हे फुटबॉलचंच कसब आहे, दोन्ही संघांना त्याची सारखी संधी मिळते. प्रेक्षक घरचे असतात हे खरं. पण कोणत्या गोलपोस्टवर आणि पहिली किक कोणाची हे नाणेफेकीनं ठरतं आणि यजमानाच्या हातात फारसं काही राहत नाही.

शूटआऊटलाही गालबोट लागलेलं आहे. त्या २०२५ च्या माद्रिदमधल्या लढतीत हुलियान अल्वारेसचा पाय किक मारताना घसरला, चेंडूला दोनदा स्पर्श झाला आणि गोल रद्द झाला. नंतर फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या मंडळानं खुलासा केला की असा स्पर्श चुकून झाला आणि चेंडू जाळ्यात गेला तर किक पुन्हा घ्यावी. खुलासा योग्य होता, ॲटलेटिकोला त्याचा उपयोग नव्हता. तरीही हा दोष दुरुस्त होणारा आहे. जादा वेळेतलं घरचं मैदान दुरुस्त होत नाही.

जादा वेळ काढल्यानं खेळाडूंची तीस मिनिटं वाचतात हाही साधा फायदा नाही. पुढचा सामना तीन-चार दिवसांवर असतो आणि १२० मिनिटं खेळलेला संघ तिथे थकूनच उतरतो.

कोणी म्हणेल, मैदानावर निकाल लागायची शेवटची संधी तुम्ही काढून घेताय. १८० मिनिटं मिळाली होती. मला ती पुरेशी वाटतात.

अवे गोल जिथे अजून शोभतो

आफ्रिकेच्या क्लब स्पर्धांत हा नियम आजही आहे, आणि तिथे तो निव्वळ सवय म्हणून राहिला आहे असं मी म्हणणार नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रवास, समुद्रसपाटीपासून वेगळी उंची, वेगळं हवामान आणि स्टेडियममधलं वातावरण. जिथे पाहुण्याचं काम खरोखर अवघड आहे तिथे त्याच्या गोलाला जास्त मोल देण्यात अर्थ उरतो. २०२४ च्या कॉन्फेडरेशन कपचा अंतिम फेरीचा निकालच यावर लागला. मोरोक्कोच्या बर्कानेनं घरी झमालेकला २-१ हरवलं, कैरोत झमालेक १-० जिंकला आणि मोरोक्कोत मारलेल्या एका गोलवर चषक त्यांचा झाला. पुढच्या वर्षी आफ्रिकेच्या चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत दक्षिण आफ्रिकेचा मामेलोडी सनडाउन्स घरी ०-० आणि कैरोत अल अहलीविरुद्ध १-१ राहून अंतिम फेरीत गेला. त्यातला निर्णायक अवे गोल शेवटच्या क्षणी अल अहलीच्याच बचावपटूकडून झालेला स्वयंगोल होता. आक्रमणाला बक्षीस म्हणून आणलेला नियम स्वयंगोलालाही तेच बक्षीस देतो, हे ध्यानात असू द्या.

उत्तर व मध्य अमेरिकेच्या कॉन्काकाफ चॅम्पियन्स कपमध्ये मधली वाट आहे. अवे गोल नव्वद मिनिटांपर्यंत मोजतात, जादा वेळेत नाही. २०२५ मध्ये इंटर मायामी लॉस एंजेलिस एफसीकडे ०-१ हरला होता. परतीच्या सामन्यात पाहुण्यांनी सुरुवातीलाच गोल केला, त्यामुळे मायामीला तीन गोल लागणार होते आणि मेस्सीच्या ८४व्या मिनिटाच्या पेनल्टीवर तिसरा आला. अवे गोल नसता तर दुसऱ्या गोलनंतर मायामी निवांत जादा वेळेची वाट पाहू शकला असता. नियम ठेवायचाच असेल तर तो या रूपात ठेवा. नव्वद मिनिटांतला समतोल शाबूत राहतो आणि पोर्टो-युव्हेंटससारखा पेच उद्भवत नाही.

तुमच्या स्पर्धेत पाहुण्याला खरोखर किती त्रास होतो, हे आधी तपासा. मागच्या काही हंगामांचे निकाल काढून यजमानांचे विजय, पाहुण्यांचे विजय आणि दोघांचे सरासरी गोल मोजले तरी पुरे. तफावत जुन्या युरोपासारखी, म्हणजे तीनास एक अशी असेल तर दुसरी वाट विचारात घ्या. आजच्या युरोपासारखी असेल तर चौथी.

नियम ठेवलाच, तर एक कलम विसरू नका. दोन्ही सामने एकाच मैदानावर होत असतील तर अवे गोल मोजायचा नाही. २००३ च्या चॅम्पियन्स लीग उपांत्य फेरीत एसी मिलान आणि इंटर दोन्ही वेळा सान सिरोवरच खेळले, कारण ते दोघांचंही घर. ०-० आणि १-१. दुसऱ्या सामन्यात कागदावर इंटर यजमान होता म्हणून मिलानच्या शेवचेन्कोचा गोल अवे गोल ठरला आणि मिलान अंतिम फेरीत गेला. दोन्ही संघ त्याच मैदानावर, त्याच शहरात, दोघांनी एकेक गोल केलेला. २०२१ मध्ये महामारीच्या निर्बंधांमुळे लाइपझिग आणि लिव्हरपूलचे दोन्ही सामने बुडापेस्टच्या एकाच स्टेडियमवर झाले, तरी नियमावलीत अवे गोल होताच. लिव्हरपूलनं दोन्ही सामने २-० जिंकले म्हणून तो वापरायची वेळ आली नाही. सामना त्रयस्थ मैदानावर हलवावा लागण्याची शक्यता आज कोणत्याही स्पर्धेत असते, तेव्हा हे कलम आधीच लिहून ठेवा, लढत ठरल्यावर त्यावर बैठक घ्यायची वेळ येऊ देऊ नका.

चौथी वाट धरलीत तर नियमावलीत तीन ओळी पुरतात. दोन्ही सामन्यांचे एकूण गोल सारखे असतील तर परतीच्या सामन्याच्या नव्वद मिनिटांनंतर लगेच शूटआऊट. परतीचा सामना कोणाच्या घरी, हे आधीच्या फेरीतल्या कामगिरीवर ठरेल, सोडतीवर नाही. आणि अंतिम फेरी दोन सामन्यांची न ठेवता त्रयस्थ मैदानावर एकच सामना, त्यात जादा वेळ चालेल, कारण तिथे घर कोणाचंच नसतं.